ओले सिमेंट भाजते, पण लगेच सांगत नाही

चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकांना सिमेंटची ओळख करून देण्याची गरज नाही. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही आपली गावे बाहेरच्यांना माहीत झाली ती बहुतांशी सिमेंटमुळेच. आपल्या घरातला, नात्यातला, निदान ओळखीतला एखादा माणूस तरी सिमेंट कारखान्यात असतोच. त्यामुळे 'सिमेंटचा त्रास' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमणी, धूळ आणि खोकला उभा राहतो. मला मात्र आज लिहायचे आहे ते आपल्या अंगणात पाणी घालून कालवल्या जाणाऱ्या सिमेंटबद्दल. कारण माझ्याकडे सिमेंटने भाजलेले जे रुग्ण येतात ते बहुधा कारखान्यातून येत नाहीत. ते स्लॅबवरून येतात, न्हाणीघराच्या कोब्यावरून येतात, घरकुलाच्या पायावरून येतात.

'सिमेंटने भाजलेले' हे शब्द वाचून काही जण थबकले असतील. सिमेंट काय विस्तव आहे का? रोज त्यात हात घालणारे मिस्त्री आपण पाहतोच की! ही शंका मला दवाखान्यातही नेहमी ऐकू येते आणि तिचे उत्तर नीट समजून घेतले तर पुढचे सगळे उपचार आपोआप लक्षात राहतील.

चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळून सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजली की तिचे कडक गोळे बनतात. त्यात थोडे जिप्सम घालून पुन्हा दळले की सिमेंट तयार. इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली अशा एका सिमेंटचे पेटंट घेतले आणि तिथल्या पोर्टलंड नावाच्या दगडासारखे ते दिसते म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटले. आपल्या पोत्यांवर हे नाव आजही छापलेले असते. कोरडे असेपर्यंत हे पीठ तसे निजलेले असते. पाणी लागले की ते जागे होते. पाणी आणि सिमेंट यांच्या संयोगातून जे पदार्थ तयार होतात त्यात एक असतो विरलेला चुना. म्हणजे ओल्या सिमेंटात हात घालणे हे विरवलेल्या चुन्यात हात घालण्यासारखेच आहे. फरक इतकाच, की चुन्याला आपण भितो आणि सिमेंटला भीत नाही.

शेतकरी वाचकांनी माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' हा शब्द पाहिला असेल. शुद्ध पाण्याचा सामू ७. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला की ती चोपण होऊ लागते आणि पीक रडते. आपल्या त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला असतो. ओल्या सिमेंटचा सामू असतो १२ ते १३. हा आकडा छोटा दिसतो, पण या मोजपट्टीवर एकेक अंक दहादहा पटींनी वाढत जातो. त्या हिशेबाने साडेबारा सामूचे सिमेंट शुद्ध पाण्यापेक्षा तीन लाख पटींहून अधिक तीव्र अल्कली ठरते. कॉस्टिक सोडा याच जातीचा.

ओल्या सिमेंटात बोटे घातली की ती बुळबुळीत लागतात. ती बुळबुळ सिमेंटची नाही, आपलीच आहे. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात ना, त्याच रीतीने त्वचेवरच्या तेलकट थराचा साबण होऊ लागलेला असतो. ॲसिड अंगावर पडले तर आग होते, माणूस ओरडतो, पाण्याकडे धावतो. शिवाय ॲसिडने त्वचेचा वरचा थर गोठतो आणि बऱ्याचदा तोच आतल्या भागाला थोडाफार आडोसा देतो. अल्कलीचे तसे नाही. ती त्वचा विरघळवत खाली खाली उतरत जाते, आणि हे चालू असताना सुरुवातीचे काही तास बहुधा फारसे दुखत नाही. माणूस काम करत राहतो. रेती-गिट्टीने कातडी खरवडली जाते, त्यातून वाट आणखी मोकळी होते. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी चुरचुरते, रात्री आग होते आणि सकाळी पाहावे तर काळपट चट्टा.

गेल्या उन्हाळ्यात एक शिक्षक माझ्याकडे आले. घराच्या मागे न्हाणीघर बांधायला काढले होते, मजूर कमी आले म्हणून स्वतःच मदतीला बसले. मिस्त्री उकिडवा बसून थापी मारत होता. यांना तशी सवय नाही, म्हणून हे ओल्या कोब्याच्या कडेला गुडघे टेकून बसले. पँट भिजली, पण "सिमेंटच आहे, धुऊन निघेल" म्हणून तशीच राहू दिली. दहा ते एक असे तीन तास. दुपारी जेवले, झोपले. रात्री गुडघे हुळहुळू लागले तेव्हा घरच्यांनी खोबरेल तेल लावले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांवर तळहाताएवढे राखाडी-काळे डाग होते. डागाच्या कडेला हात लावला की कळ येई, मधोमध टोचले तरी त्यांना समजत नव्हते. अशा ठिकाणी न दुखणे हे चांगले लक्षण नाही. तिथे त्वचेच्या पूर्ण जाडीसह वेदना सांगणाऱ्या नसाही जळालेल्या असतात. त्यांना शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागले. मेलेली कातडी काढून मांडीची कातडी गुडघ्यावर बसवली. त्यानंतर कित्येक महिने त्यांना मांडी घालून जेवायला बसता आले नाही.

त्यांच्या शेजारी बसलेल्या मिस्त्रीला काही झाले नाही, याचे त्यांना राहून राहून नवल वाटत होते. त्यात नवल नाही. मिस्त्रीचे गुडघे कोरडे होते. या दुखापतीत नवशिके लोक अधिक सापडतात, ते यामुळेच. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात, मजुरी परवडत नाही, मग घरची मंडळीच कालवायला, उचलायला, पसरायला उभी राहतात. त्यांच्यापाशी ना बूट असतात, ना सवय, ना कुणी टोकणारा.

सिमेंट अंगाला लागले तर

कोरडे सिमेंट सांडले असेल तर आधी ते झटकून, कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि मगच पाणी घ्या. धुळीने भरलेल्या अंगावर वाटीभर पाणी ओतणे म्हणजे अंगावरच माल कालवणे. मात्र झटकताना डोळे मिटा आणि तोंड दुसरीकडे करा.

ओले सिमेंट लागले असेल तर एक क्षणही न दवडता पाणी. भिजलेली पँट, साडी, मोजे, बूट आधी काढून टाका. कपड्यावरून पाणी ओतून उपयोग नाही, कारण कपड्यात मुरलेले सिमेंट पोटीस बांधल्यासारखे कातडीला चिकटून राहते. अंगठी, जोडवी, पैंजण, हातातला दोरा, घड्याळ काढा, त्यांच्याखाली माल अडकतो. मग वाहत्या, साध्या, थंड पाण्याने घड्याळ लावून निदान वीस मिनिटे धुवा. वीस मिनिटे म्हणजे किती, हे प्रत्यक्ष धुताना कळते. बहुतेक लोक दोन तांब्यांत आटोपतात. बुळबुळ गेली नसेल तर अजून धुवा.

हे पाणी कुठले, यालाही महत्त्व आहे. ज्या बादलीत थाप्या आणि घमेली बुचकळली जातात, ज्यात सगळे हात विसळतात, ते पाणी आता पाणी राहिलेले नसते, पातळ चुन्याची निवळी झालेली असते. त्यात हात धुणारा माणूस हात धुतच नाही. म्हणून बांधकामावर एक ड्रम निराळा, झाकलेला आणि फक्त अंग धुण्यासाठी असावा. मे महिन्यात आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते, हे मला ठाऊक आहे. पण स्लॅबच्या दिवशी आपण टँकर बोलावतोच. त्यातला एक ड्रम बाजूला काढायचा.

लिंबू किंवा व्हिनेगर लावावे का, असे काही सुशिक्षित मंडळी विचारतात. अल्कलीवर आम्ल घातले की ती शमते, हे शाळेतले ज्ञान खरे आहे. परंतु लिंबू शोधायला, चिरायला, पिळायला जो वेळ जातो त्या वेळात सिमेंट खाली उतरत असते. शिवाय सोललेल्या कातडीवर लिंबाची आग वेगळीच. घरी आणि कामावर पाण्याला पर्याय नाही. तेल, तूप, हळद, टूथपेस्ट, शाई, चिखल यांतले काहीही धुण्याआधी लावू नये, आणि फोड आले असतील तर नंतरही लावू नये. फोड फोडू नयेत. धुऊन झाल्यावर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल गुंडाळावे.

लालसरपणा एक-दोन तासांत ओसरला तर काळजीचे कारण नाही. पण फोड आले, कातडी पांढरी, राखाडी, हिरवट किंवा काळी पडली, चामड्यासारखी कडक झाली, जखम सांध्यावर, चेहऱ्यावर, तळहातावर किंवा जांघेत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही माणसाने तर लालसरपणालाही हलके समजू नये, विशेषतः पायाच्या. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवून सांगावे. आठवत नसेल तर तसेच सांगावे, म्हणजे ती देता येईल.

डोळ्यात शिंतोडा उडाला तर

त्वचेच्या बाबतीत आपल्याला काही मिनिटांची तरी सवलत असते. डोळ्याच्या बाबतीत तीही नाही. बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. अल्कली तो ओलांडून डोळ्याच्या आत पोहोचायला फार वेळ लागत नाही. तो पडदा पांढरट झाला की माणसाला दुधाळ काचेतून पाहिल्यासारखे दिसते, आणि त्याच्या कडेवरच्या पेशी जळाल्या तर तो पुन्हा स्वच्छ होणे फार कठीण असते. म्हणून डोळ्याचा खरा उपचार दवाखान्यात होत नाही. तो बांधकामावरच, पहिल्या काही मिनिटांत होतो किंवा हुकतो.

शिंतोडा उडाला की माणूस पहिली गोष्ट करतो ती डोळा चोळण्याची. सिमेंटात रेती असते, त्यामुळे चोळणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर घासणे. दुसऱ्यांनी त्याचे हात धरावेत. त्याला आडवे करावे आणि दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला मान कलती करावी, म्हणजे धुतलेले पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. तो डोळा घट्ट मिटून घेईल, तो त्याचा दोष नाही. एकाने दोन बोटांनी वरची आणि खालची पापणी उघडून धरावी आणि दुसऱ्याने नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे तांब्याने संथ धार सोडावी. नळ किंवा पाइप असेल तर त्याची धार हलकी ठेवावी. त्याला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगत राहावे. हे किती वेळ? अर्धा तास. पुन्हा लिहितो, घड्याळात पाहून अर्धा तास. त्यासाठी दोन-तीन घागरी पाणी लागले तर लागू द्या. पाणी शक्यतो पिण्याचे वापरावे, पण ते आणायला कुणी पळाले असेल तोवर हाताशी असेल त्या नितळ पाण्याने सुरुवात करावी.

पापणीच्या आतल्या बाजूला सिमेंटचा कण चिकटून बसलेला असतो आणि तो तिथून चुना सोडत राहतो. खालची पापणी ओढून तो दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपून घ्यावा. वरची पापणी उलटणे जमत असेल तर तिथेही पाहावे, नाहीतर भरपूर पाणी सोडावे. बुबुळाला चिकटलेला कण मात्र स्वतः खरवडू नये. अर्ध्या तासानंतर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि वाटेतही बाटलीने पाणी सोडत राहावे. ऑटोची सीट भिजेल, भिजू द्या. १०८ ला फोन केला तरी गाडी येईपर्यंत धुणे थांबवू नये. तिथे डॉक्टर डोळा बधिर करून पापण्यांच्या खोबणीतले कण काढतील, रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीने डोळ्यातल्या पाण्याचा सामू तपासतील आणि तो ७ च्या जवळ येऊन तिथेच टिकेपर्यंत आणखी धुतील.

बाळंतिणीचे दूध, तूप, मध, एरंडेल, गुलाबपाणी यांपैकी काहीतरी डोळ्यात घालून आलेला रुग्ण मला दर वर्षी भेटतो. घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यात जी दहा मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत. औषधाच्या दुकानातून "डोळे लाल झाल्याचे" थेंब आणून घालणे त्याहून वाईट. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते केव्हा द्यायचे आणि केव्हा थांबवायचे हे डोळा तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

याच ठिकाणी आयांसाठी एक गोष्ट. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब पोरे खेळायला घेतात, दाबतात, आणि ती पुडी फुटून चुना सरळ डोळ्यात उडतो. सिमेंट न पाहिलेल्या मुलाचा डोळाही असा जातो. तिथेही हेच, अर्धा तास पाणी आणि लगेच नेत्रतज्ज्ञ. पुड्या उंचावर ठेवाव्यात. तंबाखूच सोडली तर प्रश्नच मिटेल, पण तो आजचा विषय नाही.

हाताचा न जाणारा इसब

आता ज्यांचे पोटच सिमेंटवर आहे त्यांच्याबद्दल. "आमचे हात पक्के झाले, डॉक्टरसाहेब, आम्हाला काही होत नाही," असे मिस्त्री मंडळी मला सांगतात. वीस वर्षे काम केलेल्या हातांची कातडी खरोखरच जाड होते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांना ते सरावतात. पण काही जणांच्या बाबतीत एक निराळाच प्रकार घडतो. अनेक वर्षे काही होत नाही आणि मग एका हंगामात बोटांच्या मधे, मनगटावर, हाताच्या पाठीवर खाज सुटते. पुरळ, पाणी, खपल्या. काम बंद केले की कमी होते, पुन्हा घमेल्याला हात लावला की दोन दिवसांत परत.

हे भाजणे नव्हे, ही ॲलर्जी आहे, आणि ती सिमेंटमधल्या क्रोमियमच्या एका रूपाची आहे. रसायनशास्त्रात त्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. कच्च्या मालात क्रोमियम अल्प प्रमाणात असतेच, भट्टीच्या उष्णतेत त्यातले काही या रूपात बदलते आणि ते पाण्यात विरघळणारे असल्याने कातडीत शिरते. सिमेंटच्या इसबाचा आणि क्रोमियमचा हा संबंध १९५० साली युरोपात त्वचेवरच्या चाचण्यांतून दाखवला गेला. एकदा शरीराने या क्रोमियमशी वैर धरले की ते बहुधा जन्मभराचे असते. पुढे अगदी थोडे सिमेंटही पुरते. एवढेच काय, चामडे कमावताना क्रोमियमचे क्षार वापरतात, त्यामुळे अशा माणसाला चामड्याची चप्पल आणि पट्टासुद्धा सोसेनासा होऊ शकतो.

यावर उपाय सापडलेला आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे. सिमेंटमध्ये थोडी हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, मिसळली की हे क्रोमियम फारसे न विरघळणाऱ्या, कमी त्रासदायक रूपात जाते. डेन्मार्कने १९८३ साली सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. तिथल्या बांधकाम मजुरांतला हा इसब त्यानंतर स्पष्टपणे कमी झाला. युरोपीय संघाने २००५ च्या जानेवारीपासून तीच मर्यादा लागू केली. हिराकशीचा परिणाम साठवणुकीत हळूहळू उतरत जातो, म्हणून तिथल्या पोत्यांवर तो किती काळ टिकेल हेही छापावे लागते. सिमेंटच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आपल्या जिल्ह्यातून एवढे सिमेंट बाहेर जाते, तेव्हा ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी, असे मला वाटते.

इसब असलेल्या मिस्त्रीने त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर चिकटपट्टीखाली औषधांचे ठिपके लावून ही चाचणी करतात. नुसता कोरडेपणा आहे की क्रोमियमची ॲलर्जी, हे कळले की पुढची दिशा ठरते. सगळ्यात मोठे नुकसान करतात ती दुकानातून मिळणारी, तीन-चार औषधे एकत्र घातलेली खाजेची मलमे. तीव्र स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि वर्षभर लावून कातडी कागदासारखी पातळ करून घेतो. मग सिमेंटला आत शिरायला रस्ताच मोकळा.

रोजच्या कामात

कोपरापर्यंत येणारे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे हवेत. सुती किंवा चामडी मोजे ओल्या कामाला वापरू नयेत, ते माल शोषून घेतात आणि दिवसभर हाताशी धरून ठेवतात. रबरी मोज्यातही माल शिरला तर तोच न्याय, मोजा नसलेला बरा. लगेच काढून हात आणि मोजा दोन्ही धुवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रबरी मोज्यात हात उकडतात, ही तक्रार खरी आहे. यावर माझ्याजवळ जादूचा उपाय नाही. ओले काम शक्यतो सकाळी लवकर उरकावे, मोजे मधूनमधून काढून हात धुऊन कोरडे करावेत. बिनमोज्याने खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोपडून काम करणारे अनेक आहेत. कामानंतर हात धुऊन तेल किंवा व्हॅसलीन लावणे फार चांगले, रात्री झोपताना तर जरूर लावावे. पण कामाआधी लावलेले तेल सिमेंटला अडवत नाही. वर सांगितलेच, तेलाचा साबण होतो.

गमबुटांची गंमत अशी, की माल त्यांच्या वरच्या तोंडातून आत पडतो आणि मग पाय दिवसभर त्यातच उभा. घोट्याभोवतीच्या खोल जखमा मी पाहिल्या आहेत त्या बहुतेक बूट घातलेल्या माणसांच्या. पँट बुटात खोचू नये, बुटावरून सोडून खाली दोरी बांधावी. बुटात ओल जाणवली की "हा घाणा संपू दे" असे म्हणू नये. बुटाऐवजी पायाला पॉलिथिनची पिशवी बांधणारेही दिसतात. ती फाटली की आत साचलेला माल दिसतसुद्धा नाही.

रेजांचे दुखणे वेगळे. डोक्यावरच्या घमेल्यातून पाणी ओघळते ते मानेवर, खांद्यावर, पाठीवर. चुंबळ भिजलेली असते, केसांत माल सुकतो. साडीचा काठ दिवसभर ओल्या मालातून फिरतो आणि पोटऱ्यांना घासत राहतो. उन्हात घाम आला की अंगावरची कोरडी धूळसुद्धा ओली होऊन कमरेच्या करगोट्याशी, परकराच्या नाडीखाली, जांघेत भाजू लागते. तिथली जखम बाई कुणाला दाखवत नाही. चुंबळीखाली प्लास्टिकचा तुकडा, अंगावर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घरी जाण्यापूर्वी अंग धुऊन कपडे बदलायला आडोसा, एवढे घरमालकाला सहज करता येते. तान्हे मूल बरोबर असेल तर त्याला घेण्यापूर्वी हात धुवायला पाणी आणि साबण द्यावा.

पोते फोडताना ते जमिनीवर टेकवून, वारा पाठीशी घेऊन, हळू रिकामे करावे. उंचावरून ओतू नये. नाका-तोंडाला नुसता दुपट्टा गुंडाळल्याने बारीक धूळ अडत नाही, त्यापेक्षा एन-९५ मुखपट्टी बरी. मशीनने फरशी, ग्रॅनाइट किंवा पक्के झालेले काँक्रीट कापणाऱ्यांनी पाणी सोडूनच कापावे. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचून जो सिलिकोसिस होतो तो बरा होत नाही, आणि अशा फुप्फुसाला क्षयही लवकर गाठतो. रिकामी पोती आपण वाया घालवत नाही, त्यांची ताडपत्री होते, पायपुसणे होते, धान्यही भरले जाते. धान्य भरू नये. बाकी वापरासाठी ती घराबाहेर भरपूर पाण्याने धुवावी, आणि ती झटकायचे काम मुलांना देऊ नये. लहान मुलाने सिमेंट तोंडात घातले तर बोटाने पुसून, चूळ भरवून तोंड स्वच्छ करावे. उलटी करवू नये, कारण जे जाताना अन्ननलिका भाजते ते येतानाही भाजते. त्याला तसेच दवाखान्यात न्यावे.

बांधकाम मजुरांसाठी देशात १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे राज्यात कल्याणकारी मंडळही स्थापन झाले. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते. मंडळाच्या सुरक्षा पेटीतून मिळालेले बूट कितीतरी घरांत लग्नकार्यासाठी जपून ठेवलेले मी पाहिले आहेत. ते पायात हवेत.

दवाखान्यात येताना सिमेंट किती वाजता लागले, किती वेळ अंगावर राहिले, किती वेळ धुतले आणि त्यावर काय लावले, एवढे आधी सांगावे. तेल किंवा हळद लावली असेल तर तीही सांगावी, मी रागावत नाही. आणि बूट घालून आला असाल तर रांगेत बसण्यापूर्वी तो काढून, बाहेरच्या नळावर पाय धुऊन मगच आत यावे. नंबर जाणार नाही, कंपाउंडरला तसे सांगून ठेवले आहे.